गल्ला आणि उंबरठा

गेल्या मे महिन्यातील एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही व्हरांड्यात उभे होतो. धर्मग्रामातील एक आजी काठी टेकत जवळ आल्या आणि आजूबाजूला कोणी नाही असे पाहून हळूच म्हणाल्या, "फादर, भायेरचं खाणं पाप हाय का वो?" त्यांचा मुलगा आणि सून दर शनिवारी मित्रमंडळींसह हॉटेलात जेवायला जातात. एकदा हैदराबादी बिर्याणी, एकदा उडुप्याचा डोसा, एकदा चायनीज. घरी थापलेली भाकरी दुरडीत तशीच राहते. आजींना पैशांचे वाईट वाटत होते की भाकरीचे, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते. आम्ही हसून उत्तरलो, "आजी, पाप कसलं? पाकीट सांभाळा म्हणावं, एवढंच." आजी समाधानाने गेल्या. आम्ही मात्र समाधानी नव्हतो. त्याच आठवड्यातील गुरुवारी रात्री आम्ही स्वतः तीन मित्रांबरोबर अशाच एका हॉटेलात दोन तास बसलो होतो. आजींना निकाल देताना आम्ही आमचाही खटला परस्पर निकालात काढला होता.

जालन्यासारख्या गावी इतक्या तऱ्हांचे अन्न एकत्र यावे, यात नवल नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि त्याचे तोंड मुंबईकडे नसून हैदराबादकडे होते. हैदराबाद कंटिंजंटची छावणी येथे होती. पुढे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग आला. व्यापाराच्या निमित्ताने मारवाडी कुटुंबे येऊन स्थिरावली आणि त्यांच्याबरोबर दालबाटी आली. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिकोची स्थापना करून या गावाला बियाण्यांचे गाव केले. नंतर लोखंडी सळयांचे कारखाने उभे राहिले. त्यांच्या भट्ट्यांपुढे उभे राहण्यासाठी बिहार आणि उत्तर प्रदेशातून माणसे आली, म्हणून आज कारखान्यांच्या रस्त्यावर लिट्टी-चोख्याच्या गाड्या दिसतात. जुन्या गावात नान खलिया मिळतो. तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ आला, अशी आख्यायिका आमच्या भागात मोठ्या अभिमानाने सांगतात. "जालना, सोने का पालना" ही म्हण सर्वश्रुत आहे. पाळण्यात कोण कोण निजले, याचा हिशेब मात्र गावच्या चुलींवरून अधिक चांगला लागतो.

पाटीवर लिहिलेल्या मुलखावर फार विश्वास ठेवू नये, हेही येथेच सांगितलेले बरे. आमच्याकडील ढाब्यांवरची "पंजाबी" भाजी पुष्कळदा भोकरदनच्या आचाऱ्याने रांधलेली असते. चायनीजच्या गाडीवरील मंचुरियन तर चीनमध्ये कोणाला ठाऊक नव्हते. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग नावाच्या चिनी वंशाच्या आचाऱ्याने ते १९७५ च्या सुमारास मुंबईत सिद्ध केले, असे सांगतात. असो. पोटाला या भूगोलाशी कर्तव्य नसते.

सेमिनरीत आम्ही शिकलो त्याप्रमाणे आजींच्या प्रश्नाला शास्त्रोक्त उत्तर देता आले असते. संत थॉमस अक्वायनस यांनी खादाडपणाचे पाच प्रकार मानले आहेत: वेळेआधी खाणे, फार महागडे खाणे, फार चोचले करून खाणे, अति खाणे आणि अधाशीपणे खाणे. हे वर्गीकरण थोर संत ग्रेगरी यांच्यापासून चालत आलेले आहे. या कसोटीवर शनिवारच्या जेवणावळी तपासल्या तर दोन-तीन कलमे सहज लागू पडतील. पण आजींचा मुलगा काही खादाड नाही. तो बिर्याणीसाठी जात नाही, मित्रांसाठी जातो. आणि मैत्रीला जेवण लागते, हे ॲरिस्टॉटलनेही मान्य केले आहे. माणसे बरोबर बसून मीठ खाईपर्यंत एकमेकांना ओळखीत नाहीत, अशा अर्थाची एक जुनी म्हण त्याने मैत्रीच्या विवेचनात आणली आहे. आपल्याकडेही माणूस खाल्ल्या मिठालाच जागतो, खाल्ल्या पक्वान्नाला नव्हे. मात्र त्याच विवेचनात तो पुढे बजावतो की, माणसांचे सहजीवन म्हणजे विचारांची आणि बोलण्याची देवाणघेवाण. एका कुरणात शेजारी शेजारी चरणे गुरांनाही जमते.

आता आमच्या कुरणाविषयी. अकरा वर्षांपूर्वी गावातील शांतता समितीच्या बैठकीत आमची ओळख झाली आणि महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी एकत्र जेवण्याचा परिपाठ पडला. त्यांत एक डॉक्टर आहेत, मुसलमान. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत, बौद्ध. त्यांना सारेच गुरुजी म्हणतात. एक बियाण्यांचे व्यापारी आहेत, जैन. त्यांना आम्ही शेठजी म्हणतो. आणि आम्ही. हॉटेल दर वेळी निराळे. डॉक्टरांनी आम्हांला जुन्या गावातील खानावळीत नान खलिया खाऊ घातला, तेव्हा शेठजी शेजारी लिंबू-सोड्याचा ग्लास घेऊन दीड तास बसले आणि आमच्यापेक्षा जास्त बोलले. शेठजींनी भोजनालयात तुपात बुडवलेली बाटी पुढे केली, तेव्हा डॉक्टरांनी आपल्याच रक्तातील चरबीचे आकडे सांगत तीन खाल्ल्या. चातुर्मासात शेठजी सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत. म्हणून ते चार महिने आम्ही सायंकाळी पाचला उडुप्याकडे जमतो आणि शेठजींसाठी कांदा नसलेला डोसा सांगतो. वेटरला आता सांगावेही लागत नाही. हे सारे आम्हांला फार मोलाचे वाटत आले आहे आणि आजही वाटते. आमच्या पिढीतील चार निरनिराळ्या देवघरांतील माणसे एका टेबलाशी बसतात, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

ती किती मोठी आहे हे कळण्यासाठी जालन्याच्याच एका ख्रिस्ती पूर्वजाची आठवण काढली पाहिजे. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे स्कॉटिश मिशनचे, म्हणजे आमच्या पंथाचे नव्हेत. पण जालन्याजवळ बेथेल वसवणाऱ्या या गृहस्थांविषयी येथील कॅथलिकांनाही आदर आहे. १८४३ साली मुंबईत या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यावेळी अजाण पोर होता आणि तोही मिशनऱ्याच्या घरी राहिला होता. न्यायालयाने श्रीपतला वडिलांच्या स्वाधीन केले, आणि मग खरा तंटा उभा राहिला. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण त्याने मिशनऱ्याच्या घरचे अन्न खाल्ले होते. तेवढ्याने तो जातीबाहेर झाला की नाही? प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी बाजू मांडली आणि त्यापायी स्वजातीचा रोष ओढवून घेतला. मुलाचा विश्वास काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला. मुलाच्या पोटात काय गेले, यावर अवघी मुंबई भांडत होती.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १८४९ मध्ये, मुंबईत दादोबा पांडुरंग आदींची परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडू पाहणारे हे सुशिक्षित तरुण ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव गुप्तपणे खात. १८६० मध्ये सभासदांची यादी बाहेर फुटण्याची वेळ येताच सभा विरघळली. आणि पुण्यातील पंचहौद मिशनचा चहा तर मराठी वाचकांना पाठच आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी टिळक, रानडे प्रभृती मंडळी तेथे गेली, चहा-बिस्किटे पुढे आली, आणि गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली. रानड्यांसारख्या न्यायाधीशाला १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कपाने केवढे वादळ!

या पार्श्वभूमीवर हॉटेलचा गल्ला पाहावा. घराचा उंबरठा जे करू शकला नाही, ते गल्ल्याने केले. त्याला नाणे हवे होते, नाव नको होते. अर्थात हे आपोआप घडले नाही. गुरुजींनी सांगितलेली गोष्ट आहे. ते लहान असताना तालुक्याच्या गावातील हॉटेलच्या बाहेरच्या कोनाड्यात एक फुटकी कपबशी ठेवलेली असे. त्यांचे वडील ती काढत, वरून धार धरून ओतलेला चहा पीत, स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवत आणि पैसे मात्र इतरांइतकेच देत. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने १९५० मध्ये उपाहारगृहांची दारे सर्वांना उघडी केली. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने अडवणूक हा गुन्हा ठरला. कोनाड्यातील कप त्यानंतरही काही वर्षे जागचा हलला नाही. ज्या दिवशी वडील प्रथम आत जाऊन बाकावर बसले, त्या दिवशी त्यांनी लागोपाठ दोन कप चहा मागवला. "एक चहासाठी, अन् एक बसण्यासाठी," असे ते सांगत. म्हणून हॉटेलातील जेवणाला उथळ म्हणून हिणवणाऱ्या प्रवचनकारांशी आमचे जमत नाही. ज्यांना घरी बोलावणारे कोणी नव्हते, त्यांना तो बाक म्हणजे प्रजासत्ताक होते.

येथवर आमचा विचार आला होता आणि तो आम्हांला सोयीचा होता. जूनमध्ये गुरुजींना हृदयाचा त्रास झाला. आम्ही त्यांना पाहायला गेलो. काकूंनी चहा आणि सोबत गूळ-शेंगदाणे आणून ठेवले. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, "फादर, अकरा वर्षांत आज पहिल्यांदा आलात." गुरुजी उशीला टेकून हसले. म्हणाले, "अहो, हॉटेलात आपण चौघं अगदी सारखे. कारण घर त्यातलं कोणाचंच नाही."

आम्ही उत्तर शोधू लागलो. उत्तरे सापडली, पण ती सारी सबबी होत्या. बंगल्यावर आचारी सकाळीच येतो. धर्मग्रामातील मंडळींना वाटेल, फादर बाहेरच्यांना जेवू घालतात. शेठजींना आमच्या भांड्यांतले चालायचे नाही. डॉक्टरांना वेळ नसतो. त्यांतील एकाही कारणात जात नव्हती, द्वेष नव्हता. होती ती केवळ सोय. पण सोयीने नेमके तेच केले, जे एकेकाळी विटाळाने केले होते. चार मित्र एकमेकांच्या चुलीपासून दूर राहिले. पेत्राचा प्रसंग आठवला. अंत्युखियात तो विदेशी बंधूंबरोबर बसून जेवत असे. यरुशलेमहून काही जण आले, तेव्हा त्यांच्या भीतीने तो त्या पंगतीतून उठू लागला आणि पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. पेत्राचा सिद्धांत चुकला नव्हता. तो फक्त उठला. आम्ही तर उठलोही नव्हतो, कारण अशा पंगतीला कधी बसलोच नव्हतो.

येथे आमच्या धर्मग्रामातील भगिनींचा एक आक्षेप नोंदवणे न्याय्य होईल. महिला मंडळात आम्ही हा विषय काढला तेव्हा एकीने रोखठोक विचारले, "घरी बोलवा म्हणणं सोपं आहे, फादर. रांधायचं कोणी?" पाहुणचाराची कीर्ती घरधन्याला आणि धूर घरधनिणीला, ही आपली रीत आहे. शनिवारी संध्याकाळी हॉटेलात बसणाऱ्या सुनेला आठवड्यातून एकदा तयार ताट समोर मिळते. ते हिरावून घेऊन आम्हांला आतिथ्याचा सद्गुण वाढवायचा नाही. आजींच्या मुलाने घरी मित्र बोलवावेत आणि कणीकही स्वतः मळावी, असे आम्ही म्हणालो, तेव्हा भगिनी खूप हसल्या. त्या हसण्यात विश्वास फारसा नव्हता.

पण गुरुजींच्या वाक्याने दुसरीच एक गोष्ट उकरून काढली आणि ती अधिक बोचणारी आहे. आमच्या गुरुवारी पहिली तीन वर्षे पाचवा माणूस होता. मोंढ्यातील एका आडत दुकानावर ते हिशेब लिहीत. आमच्याच धर्मग्रामातील, आमच्याच मिस्सेला बसणारे. बोलण्यात सर्वांत रसाळ. मग त्यांनी येणे कमी केले. गुरुवारी दुकानात काम असते, म्हणाले. आम्ही ते खरे मानले. बिल आले की त्याचे समान वाटे करायचे, हा आमचा नियम होता. समान वाट्यांत आम्हांला बंधुभाव दिसत असे. आठ वर्षांनंतर, गुरुजींच्या खाटेजवळ बसून, आम्ही प्रथमच मनाशी हिशेब केला की, हिशेबनिसाच्या पगारातून तो वाटा म्हणजे किती दिवसांचे पीठ. गल्ला जात विचारीत नाही, हे खरे. तो दुसरे काही तरी विचारतो, आणि ते विचारताना त्याचा आवाज इतका सौम्य असतो की शेजारी बसलेल्यालाही ऐकू जात नाही.

प्रभूने एका यजमानाला सांगितले होते की, मेजवानी देशील तेव्हा मित्र, नातलग आणि धनवान शेजारी यांना बोलावू नकोस. ते तुला उलट बोलावतील आणि फेड होऊन जाईल. ज्यांच्यापाशी फेडण्यास काही नाही, त्यांना बोलाव. लूकच्या शुभवर्तमानातील या उपदेशावर आम्ही कितीदा तरी प्रवचन दिले आहे. हॉटेलच्या टेबलावर फेड जागच्या जागी होते, उधारी एक रात्रही राहत नाही, हे मात्र कधी ध्यानी आले नव्हते. चौघांनी चार वाटे दिले की कोणी कोणाचा ऋणी नाही. आणि ज्याचा वाटा निघत नाही, तो हळूच वजा होतो. करिंथच्या मंडळीत संपन्न लोक आधी जेवून घेत आणि कष्टकरी येईतो ताटे रिकामी झालेली असत. त्यावर पौल किती संतापला, हे आपण जाणतो. तेथे उशिरा येणारे निदान दिसत तरी होते.

मग आमच्या मनात आले ते प्रश्न या नियतकालिकाच्या वाचकांना आवडतील असे नाहीत. एका वेदीसमोर शेजारी शेजारी गुडघे टेकणारी आपली कुटुंबे एकमेकांच्या स्वयंपाकघरापर्यंत किती वेळा जातात? लग्नाच्या मांडवात सारे जेवतात, तेथे मांडवच यजमान असतो. कारखान्यांत काम करणारी परप्रांतीय भावंडे रविवारी मागच्या बाकावर बसतात आणि शेवटचे गीत संपण्यापूर्वी निघून जातात. त्यांच्या मुलखातील लिट्टी आम्ही गाडीवर उभे राहून, वाहवा करीत खाल्ली आहे. ती भाजणाऱ्याला त्याचे गाव कोणते, हे विचारल्याचे स्मरत नाही. परक्याचे अन्न चाखणे फार सोपे असते. परका मात्र गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभा राहतो.

हॉटेले सोडावीत, असे आम्हांला वाटत नाही. गुरुवार चालू आहे आणि चालू राहील. फक्त जुलैचा गुरुवार आम्ही बंगल्यावर ठेवला. पाचव्या मित्राला निरोप पाठवला नाही, घरी जाऊन बोलावले. त्यांनी आधी दुकानाचे नाव घेतले. आम्ही म्हणालो, "आठ वर्षं आम्ही ते कारण ऐकून घेतलं, ही आमची चूक." ते काही वेळ बोलले नाहीत, मग कोणत्या वेळी यायचे ते विचारले. आचाऱ्याला सुट्टी दिली होती. गुरुजींना कष्ट नकोत म्हणून मुगाचे दाणे निवडायला बसवले. डॉक्टरांनी भात लावला तो खाली लागला. शेठजींसाठी नवे पातेले आणले होते. तरीही त्यांनी फळे आणि उकडलेले मूग एवढेच घेतले, आणि तेही सूर्य असेतो. जेवण सपक झाले. पाचवे मित्र भाकऱ्या थापत होते आणि मोंढ्यातले किस्से सांगत होते. आठ वर्षांचे साठलेले होते, ते संपेनात.

निघताना त्यांनी पुढचा गुरुवार आपल्या घरी ठरवून टाकला. दोन खोल्यांचे घर आहे. चार पाहुण्यांची भांडी त्यांच्याकडे असतील का, अशी काळजी शेठजींना वाटली. त्यांनी मोठ्या सद्भावाने सुचवले की, आपण आपापले ताट घरून नेऊ, म्हणजे वहिनींवर भार नको आणि आपलाही नेम पाळला जाईल. डॉक्टरांना ही कल्पना पसंत पडली. आम्हांलाही पडली असती. गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझे वडील गावजेवणाला आपलं ताट घरून घेऊन जायचे. न्यावंच लागायचं. ताटं नेणार असाल तर मी येत नाही."

शेठजींचा चेहरा उतरला. त्यांच्या मनात तसे काही नव्हते, हे गुरुजींनाही ठाऊक आहे, आणि शेठजींचा नेम खोटा नाही हेही. गुरुवार चार दिवसांवर आला आहे. काल संध्याकाळी शेठजींचा फोन आला होता. केळीच्या पानाविषयी विचारत होते, जालन्यात कोठे मिळते म्हणून.